दृष्टिहीन वकील, न्यायालय आणि अपंगांचे हक्क : प्रत्यक्षात किती बदललं?

मीनल_वाचते

नमस्कार मंडळी,

माझा भाचा जन्मापासून दृष्टिहीन आहे. सध्या कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि सनद मिळाली की अपंगांच्या हक्कांच्या केसेस लढवायच्या असं त्याने पक्कं केलंय. घरात त्यावरून दोन तट पडलेत. बहीण आणि मेहुणे म्हणतात, बँकेची परीक्षा दे, आरक्षण आहे, नोकरी लागेल, मग हवं ते समाजकार्य कर. तो म्हणतो, ते आरक्षण वर्षानुवर्षं नुसतं कायद्याच्या पुस्तकात होतं, पदरात पडायला लागलं ते कोणीतरी कोर्टात भांडलं म्हणून.

त्याचं म्हणणं मी जरा खणून पाहिलं. १९९५ च्या कायद्यात अपंगांसाठी तीन टक्के जागा होत्या. पण सरकारी खाती ते तीन टक्के मोजायची कशावर, तर 'अपंगांना जमतील' असं त्यांनीच ठरवलेल्या मोजक्या पदांवर. त्यामुळे मूळ आकडाच लहान व्हायचा. नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड या संघटनेने हे लावून धरलं. सर्वोच्च न्यायालयात संघटनेची बाजू ज्येष्ठ वकील एस. के. रुंगटा यांनी मांडली, जे स्वतः दृष्टिहीन आहेत. ८ ऑक्टोबर २०१३ ला निकाल लागला : टक्केवारी संवर्गातल्या एकूण रिक्त जागांवर काढायची. पुढे २०१६ च्या कायद्याने तीनाचे चार टक्के केले आणि त्यातला एक टक्का दृष्टिहीन व अल्पदृष्टी असलेल्यांना दिला. मेहुणे ज्या नोकरीची गोष्ट करतात, तिच्या पाठीशीही ही लढाई आहे.

माझं मत सांगते. या क्षेत्रात जे ठोस घडलं, त्यातलं बरंचसं स्वतः अपंग असलेल्या माणसांनी न्यायालयात जाऊन घडवून आणलं. कणव असलेल्या इतरांनी नाही. तुम्हाला पटतं का? आणि दृष्टिहीन वकिलाचं रोजचं काम खरोखर कसं चालतं हे कोणी जवळून पाहिलंय का? भाच्याला काय सांगावं हे ठरवायचंय, तेव्हा कडू असलं तरी खरं सांगा.

चहाबिस्कूट

महत्त्वाचा विषय. वाचतोय.

काळा_कोट

मीनलताई, मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो. आमच्या वकील संघात एक दृष्टिहीन सहकारी आहेत, माझ्याहून ज्येष्ठ. त्यांना विचारलेलं नाही म्हणून नाव लिहीत नाही. पण त्यांचं काम मी रोज पाहतो.

आदल्या रात्री ते सगळी फाइल ऐकून येतात. टाइप केलेला कागद स्कॅन करून ओसीआर केला (म्हणजे चित्रातली अक्षरं सॉफ्टवेअरने ओळखून घेतली) की संगणक तो वाचून दाखवतो. त्याचा वेग इतका ठेवतात की शेजारी बसलेल्याला एक शब्द कळत नाही. हाताने लिहिलेलं मात्र संगणकाला नीट वाचता येत नाही आणि दिवाणी कामात तर तेच जास्त : जुने फेरफार, वाटणीपत्रं, मोडीतून उतरवलेल्या नकला. ते ज्युनियर वाचून दाखवतो. प्रत्येक फाइलला ते स्वतः ब्रेलमध्ये एक अनुक्रमणिका करतात. न्यायाधीश म्हणाले, निशाणी ३२ (म्हणजे फाइलमधला त्या क्रमांकाचा कागद) बघा, की बोट अनुक्रमणिकेवर फिरतं आणि ते सांगतात, 'साहेब, निशाणी ३२, दुसऱ्या पानावर खालून तिसरी ओळ.' डोळस वकील तोवर पानं उलटत असतात.

अडचण वेगळ्याच ठिकाणी येते. पूर्वी शिपाई दारात उभा राहून पुकारा करायचा. मग भिंतीवर फलक आला, त्यावर केसचा नंबर दिसतो आणि पुकारा हळूहळू बंद पडत गेला. आमच्या सहकाऱ्यांनी लेखी अर्ज दिला की फलक राहू द्या, पण पुकाराही चालू ठेवा. आता दोन्ही चालतं. गंमत अशी की त्याचा फायदा म्हाताऱ्या पक्षकारांनाही झाला, ज्यांना फलकावरचं काही कळत नव्हतं.

आणि साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तर त्यांनीच. कान इतका तयार की साक्षीदार कुठे अडखळला ते बरोबर टिपतात.

दिवाकर_प

नमस्कार. मी स्वतः दृष्टिहीन आहे आणि हा धागा स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, ऐकतोय.

काळा_कोट, तुमचं वर्णन आवडलं. पुकाऱ्याचं उदाहरण तर फार नेमकं आहे. पण कानाच्या मुद्द्यावर थोडी असहमती. डोळे गेले म्हणून कान आपोआप तीक्ष्ण होतात असं नसतं. तुमच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं साक्षीदार ऐकले आहेत, ती त्यांची मेहनत आहे. तिला निसर्गाची देणगी म्हटलं की मेहनत दिसेनाशी होते. आणि ज्या दृष्टिहीन मुलाला असं 'जादा' काही जाणवत नाही, त्याला उगाच आपण कमी आहोत असं वाटायला लागतं.

मीनलताई, तुमच्या मताशी बहुतांशी सहमत. कारण सांगतो. डोळस माणूस चांगल्या मनाने आमच्यासाठी रॅम्प, ब्रेलची पाटी, लिफ्टमधला आवाज इतकं मागतो. त्यापुढे त्याचा विचार जात नाही, कारण अडचण त्याच्या वाट्याला येत नाही. मोबाइलवर खातं उघडताना 'चेहरा गोलात आणा आणि डोळे मिचकावा' असं सांगतात. तो गोल मला दिसत नाही, फोन आवाज देत नाही, आणि वेळ संपली की पुन्हा पहिल्यापासून. ज्याचा गोल पहिल्या फटक्यात जुळतो त्याला हा भेदभाव आहे हे सुचणार कुठून?

हे सुचलं ते अमर जैन या दृष्टिहीन वकिलांना. त्यांनी याचिका केली. अॅसिड हल्ल्यात चेहऱ्याला आणि डोळ्यांना गंभीर इजा झालेल्या प्रज्ञा प्रसून आणि इतरांचीही याचिका होती. दोन्ही एकत्र ऐकून ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. केवायसीसाठी (ग्राहकाची ओळख पटवण्यासाठी) वीस निर्देश दिले. माणूस जिवंत आहे हे तपासायला डोळे मिचकावण्याखेरीज दुसरे मार्ग ठेवा, अंगठ्याचा ठसा चालवा, अॅप आणि संकेतस्थळांची सुगम्यतेसाठी (अपंगांना वापरता येतात का यासाठी) ठरावीक काळाने तपासणी करून घ्या, अशा स्वरूपाचे.

रानवाटा

मला हे सगळं वाचून आनंद होतो, पण एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले गेले, त्यात दृष्टीच्या अपंगत्वाचे ५० लाखांवर. यातले किती मोबाइलवर केवायसी करतात? मी ज्या तालुक्यात काम करतो तिथे दृष्टिहीन माणसाचा पहिला प्रश्न असतो प्रमाणपत्राचा. जिल्हा रुग्णालयात ठरलेल्या दिवशीच तपासणी, डॉक्टर रजेवर असले की पुढचा आठवडा, येण्याजाण्यात सोबतच्या माणसाची मजुरी बुडते. मग यूडीआयडी, म्हणजे अपंगांचं ओळखपत्र, मग संजय गांधी निराधार योजनेची फाइल.

दिल्लीत बसून चार हुशार वकील निकाल मिळवतात, त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण तो निकाल आमच्या तहसील कार्यालयाच्या पायऱ्या चढत नाही. तेव्हा मीनलताईंचं मत मला अर्धंच पटतं.

शर्वरी_स

रानवाटा, तुमचा राग समजतो. पण निकाल आणि कायदा तालुक्यापर्यंत पोहोचतो, फक्त तो कोणीतरी हातात घेऊन जावा लागतो. आमच्या घरातलंच सांगते.

आई तालुक्याच्या गावी अनुदानित शाळेत शिक्षिका. काचबिंदूने दोन्ही डोळ्यांची दृष्टी हळूहळू गेली. शाळेने स्पष्ट सांगितलं, स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज द्या, नाहीतर वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरवावं लागेल. नोकरीची बरीच वर्षं बाकी होती. आई अर्ज लिहायलाही बसली होती. ओळखीतून एका दृष्टिहीन वकिलांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला : शाळा अनुदानित आहे ना? मग कायद्याच्या व्याख्येत ती 'शासकीय आस्थापना' ठरते.

त्यांनी शाळेला एक पानाचं पत्र दिलं. २०१६ च्या कायद्याचं कलम २०, उपकलम ४ : नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही की खालच्या पदावर टाकता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं. तसं पदच नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर, म्हणजे त्याच्यासाठी काढलेल्या जादा पदावर, ठेवायचं. पत्राची प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना आणि दिव्यांग आयुक्तांना.

केस करावीच लागली नाही. आई आज त्याच शाळेत आहे. वरच्या वर्गांना मराठी शिकवते, तपासणीचं काम दुसऱ्या बाई करतात आणि त्यांचे काही तास आई घेते. तिला आधी मोबाइल ऐकून वापरायला शिकवला तोही त्या वकिलांनीच. त्यांच्या घरी, संध्याकाळी, एक पैसा न घेता. डोळस वकिलाने पत्र दिलंही असतं. पण 'आता तुम्ही शाळेत नक्की काय काय करू शकाल ते मला सांगा, मी यादी करतो' हे त्याला सुचलं असतं असं मला वाटत नाही.

गोदाकाठ

शर्वरी, डोळ्यांत पाणी आलं. आईंना नमस्कार सांग.

रानवाटा

शर्वरीताई, मानलं. हे कलम मला नावाने माहीत होतं, अधिसंख्य पदाचं माहीत नव्हतं. आमच्याकडे एका ग्रामसेवकाचं असंच प्रकरण अडकलंय, उद्याच बघतो.

तरी माझा मुद्दा राहतोच. असा वकील प्रत्येक तालुक्यात कुठे आहे?

आडवाटेचा_प्रवासी

जरा इतिहास. दृष्टिहीन वकील ही काही आजची गोष्ट नाही. साधन गुप्ता लहानपणीच देवीच्या आजारात दृष्टी गमावून बसले होते. ते कलकत्त्यात वकिली करत, १९५३ च्या पोटनिवडणुकीत लोकसभेवर निवडून गेले आणि पुढे पश्चिम बंगालचे महाधिवक्ता झाले. संगणक नाही, स्क्रीन रीडर नाही, त्या काळात.

आणि दक्षिण आफ्रिकेचे झॅक याकूब. वयाच्या सोळाव्या महिन्यात मेंदूज्वराने दृष्टी गेली. डर्बनमध्ये वकिली केली, वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यात उतरले आणि १९९८ ते २०१३ तिथल्या घटना न्यायालयाचे न्यायाधीश होते. २००० सालचा ग्रूटबूम खटल्याचा निकाल त्यांनी लिहिला. बेघरांच्या घराच्या हक्काबद्दलचा तो निकाल जगभरच्या कायद्याच्या वर्गांत शिकवतात. सांगायचा मुद्दा असा की दृष्टिहीन वकिलाने फक्त अपंगांच्याच केसेस लढवाव्यात असंही नाही. भाच्याला हेही सांगा.

चहाबिस्कूट

आणि आपल्याकडे मात्र परवापरवापर्यंत एका राज्याच्या नियमात दृष्टिहीनांना न्यायिक सेवेत बंदी होती! एका दृष्टिहीन उमेदवाराच्या आईने सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, न्यायालयाने त्यावरून स्वतःहून प्रकरण दाखल करून घेतलं आणि ३ मार्च २०२५ ला मध्य प्रदेशचा तो नियम रद्द झाला. केवळ अपंगत्वामुळे कोणाला न्यायिक सेवेतून वगळता येणार नाही, असं न्यायमूर्ती पारडीवाला आणि महादेवन यांनी सांगितलं.

काळा_कोट

बरोबर. आणि तो निकाल आला त्या दिवशी बार रूममध्ये चर्चा काय, तर 'न्यायाधीशाला साक्षीदाराचे हावभाव दिसायला नकोत का?' आमचे दृष्टिहीन सहकारी शांतपणे म्हणाले, 'अपिलात उच्च न्यायालय साक्षीदाराला बघतं का? तिथे सगळं कागदावरूनच ठरतं ना?' कोणाकडे उत्तर नव्हतं.

त्यांचाच आणखी एक किस्सा. युक्तिवाद चालू असताना समोरचे वकील त्यांच्याकडे सारखे डोळे वटारून बघत होते. बाहेर आल्यावर ज्युनियरने सांगितलं. सर म्हणाले, 'अरेरे, एवढी मेहनत वाया गेली बिचाऱ्याची.' 😂😂😂😂😂

दिवाकर_प

हा हा, किस्सा झकास! फक्त काळा_कोट, एक विनंती. तुमच्या त्या हसऱ्या चेहऱ्यांची माझ्याकडे ओळीने 'आनंदाश्रू ढाळणारा चेहरा, आनंदाश्रू ढाळणारा चेहरा' अशी आरती झाली. बायको विचारायला आली कोण एवढं रडतंय. एक चेहरा पुरतो.

काळा_कोट

यापुढे एकच. 😂

कोडकर

मी संकेतस्थळं बनवतो. वाचतोय आणि अस्वस्थ होतोय. दिवाकरकाका, न्यायालयाच्या कागदपत्रांत नक्की काय अडतं? पीडीएफ तर सगळीकडेच असते, मग ती वाचता का येत नाही?

दिवाकर_प

कोडकर, चांगला प्रश्न. संगणकावर टाइप केलेली पीडीएफ असेल तर तिच्यात अक्षरं असतात, स्क्रीन रीडर ती वाचतो. पण आपल्याकडे पद्धत अशी की छान टाइप केलेला कागद छापायचा, त्यावर सही-शिक्का मारायचा आणि मग स्कॅन करून चढवायचा. झालं, अक्षरांचं चित्र झालं. ओसीआर करावं तर बरोबर मजकुरावर तिरका शिक्का, किंवा पानभर फिकट पाणचिन्ह. मग 'प्रतिवादी' या शब्दाच्या जागी काहीतरी अगम्य ऐकू येतं. निकालाचा नेमका शेवटचा परिच्छेद, जिथे आदेश असतो, तिथेच शिक्का.

कॅप्चाचंही तसंच. ती वेडीवाकडी अक्षरं ओळखून टाकल्याशिवाय केसची तारीख दिसत नसे. म्हणजे दृष्टिहीन वकिलाला स्वतःच्या केसची पुढली तारीख बघायला दुसऱ्याचे डोळे लागायचे. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने त्यात लक्ष घातलं आणि उच्च न्यायालयांच्या संकेतस्थळांवर कॅप्चाला ऐकण्याचा पर्याय आला. लहानशी सोय, पण सकाळी उठून आपली तारीख आपणच बघण्यात काय आहे हे मी शब्दांत सांगू शकत नाही.

गोदाकाठ

अवांतर होईल, पण परीक्षेतल्या लेखनिकाचा (उमेदवार सांगेल ते उत्तर लिहून देणाऱ्याचा) विषय काढल्याशिवाय राहवत नाही. माझी मुलगी अल्पदृष्टी आहे. दर परीक्षेला केंद्रावर वाद. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलं होतं की तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ आणि स्वतःचा लेखनिक आणायचा असेल तर तो उमेदवारापेक्षा एक पायरी कमी शिकलेला. केंद्रप्रमुख दुसरा नियम तोंडपाठ म्हणून दाखवायचे, पहिला विसरायचे.

चहाबिस्कूट

एक पायरी कमीची अट मला तरी बरोबर वाटते. नाहीतर पेपर कोण सोडवतंय ते कळणार कसं?

गोदाकाठ

चहाबिस्कूट, गैरप्रकार होऊ नयेत हे मलाही हवं आहे. पण एमएस्सी गणिताचा पेपर कमी शिकलेल्याला सांगून लिहून घ्यायचा म्हणजे प्रत्येक चिन्ह तोंडाने समजावायचं. 'सिग्मा लिही' म्हटलं तर तो विचारतो म्हणजे काय. त्यात वेळ जातो तो कोण भरून देणार? पर्यवेक्षक समोर बसवा, आवाज मुद्रित करा. संशय उमेदवारावरच का?

आडवाटेचा_प्रवासी

लेखनिकावरून आठवलं. विकास कुमार विरुद्ध यूपीएससी, ११ फेब्रुवारी २०२१. उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा विकार होता. 'चाळीस टक्के अपंगत्व नाही म्हणून लेखनिक नाही' असं आयोगाचं म्हणणं. न्यायमूर्ती चंद्रचूड यांच्या पीठाने ते फेटाळलं. आरक्षणाला चाळीस टक्क्यांची अट आहे, पण वाजवी सोयीसुविधा प्रत्येक अपंग व्यक्तीचा हक्क आहे आणि त्याला टक्केवारी नाही. त्यातून २०२२ मध्ये चाळीस टक्क्यांखालच्यांसाठी वेगळ्या सूचना आल्या.

मीनल_वाचते

सगळ्यांचे मनापासून आभार. लेखनिकाच्या विषयावर वेगळा धागा काढूया, नाहीतर तोच वाढेल.

रानवाटा, तुमच्या प्रश्नाकडे परत येते, कारण तो डोक्यातून जात नाहीये. निकाल तालुक्यापर्यंत का पोहोचत नाही? भाच्याने राजीव रतुरी यांचं प्रकरण दाखवलं. ते दृष्टिहीन कार्यकर्ते. रस्ते, इमारती, वाहतूक सुगम्य करा म्हणून त्यांनी २००५ मध्ये याचिका केली. २०१७ मध्ये निर्देश मिळाले. तरी काम हलेना. मग ८ नोव्हेंबर २०२४ ला न्यायालयाने मूळच गाठलं : कायदा म्हणतो सुगम्यता सक्तीची, पण केंद्राच्या २०१७ च्या नियमांतला नियम १५ नुसत्या शिफारशींसारखा लिहिलाय. तो नियम कायद्याशी विसंगत म्हणून रद्द, आणि कुठल्याही परिस्थितीत टाळता येणार नाहीत असे मानदंड तीन महिन्यांत करा असा आदेश.

म्हणजे तहसील कार्यालयाच्या पायऱ्यांवर बोट ठेवायला इतकी वर्षं लागली. तुमची चीड रास्त आहे. पण याचिकाच झाली नसती, तर नियम १५ मध्ये खोट आहे हे लक्षात तरी कोणाच्या आलं असतं?

रानवाटा

मीनलताई, हे मान्य. सार्वजनिक इमारतींना कायद्याने पाच वर्षं दिली होती, नियम २०१७ ला आले, म्हणजे मुदत २०२२ ला संपली. दंडही आहे, पहिल्यांदा दहा हजारांपर्यंत, नंतर पन्नास हजार ते पाच लाख. पण तक्रार करणार कोण? ज्याला पायऱ्या चढता येत नाहीत तो तक्रार द्यायला त्याच पायऱ्या चढून जाणार?

काळा_कोट

रानवाटा, राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करायला वकील लागत नाही. पुण्याला पोस्टाने अर्ज पाठवला तरी चालतो. आयुक्तांना समन्स काढणं, कागदपत्रं मागवणं यासाठी दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. त्यांनी शिफारस केली की त्या कार्यालयाने तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं, नाही केलं तर कारण द्यायचं. हे पूर्ण समाधानकारक नाही, शिफारस म्हणजे हुकूम नव्हे. पण लेखी नकार हातात आला की उच्च न्यायालयात उभं राहायला जागा मिळते. तुमच्या ग्रामसेवकाचे कागद तयार करा, मसुदा मी बघून देतो.

रानवाटा

नक्की. उद्या व्यक्तिगत निरोप पाठवतो.

शर्वरी_स

मीनलताई, भाच्यासाठी एक कडू गोष्ट. आमच्या त्या वकिलांना मी विचारलं होतं की या केसेसवर घर चालतं का. नाही म्हणाले. पक्षकार बहुतेक गरीब, फी मागायची कशी. ते कुटुंब न्यायालयाची आणि बँकांची कामं करतात, त्यावर घर चालतं. सुरुवातीला तीही मिळेनात. जयंती आली की सभागृहात बोलावून शाल-श्रीफळ द्यायचे, टाळ्या वाजायच्या, 'आमच्यासाठी आदर्श' वगैरे. त्याच टाळ्या वाजवणाऱ्यांच्या घरी जमिनीचा वाद असला की वकीलपत्र दुसऱ्याला. हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, पण मला फार लागलं.

गोदाकाठ

+१००. सत्कार पुरे, कामं द्या.

दिवाकर_प

शर्वरीताईंनी लिहिलंय ते खरं आहे आणि म्हणूनच मी भाच्याला बँकेचा रस्ता बंद करू नको असं सांगणार होतो. मी बँकेतूनच निवृत्त झालो. पण विचार करताना दुसरी बाजू आठवली.

रिझर्व्ह बँकेचं ४ जून २००८ चं परिपत्रक आहे : दृष्टिहीन ग्राहकाला चेकबुक, एटीएम, लॉकर, सगळं इतरांसारखं द्यायचं. मी नोकरीत असताना, एका दुसऱ्या बँकेत माझ्याच मित्राला चेकबुक नाकारलं. 'साक्षीदार आणा, हमीपत्र द्या.' तो संगीत शिक्षक, स्वतःच्या कमाईचा पैसा. मी परिपत्रक छापून घेऊन गेलो. व्यवस्थापकांनी ते वाचलं, बाजूला ठेवलं आणि म्हणाले, तुमच्या भल्यासाठीच सांगतोय. शेवटी एका वकिलाची नोटीस गेली तेव्हा चेकबुक आलं. परिपत्रक तेच होतं, शब्द तेच होते. फक्त आता उत्तर नाही दिलं तर पुढे काहीतरी होईल अशी त्यांना धास्ती वाटली. ती धास्ती निर्माण करणारी माणसं आम्हाला हवी आहेत. बँकेत काम करणारा एक दृष्टिहीन स्वतःचं घर सावरतो आणि ते छोटं नाही. पण आम्हाला वकील कमी पडतात.

तेव्हा मीनलताई, त्याला वकिलीच करू द्या. बहीण-मेहुण्यांची काळजी खोटी नाही, पहिली काही वर्षं घरून आधार लागेल, हे त्यांच्याशी मोकळेपणाने बोला.

काळा_कोट

दिवाकरकाकांना अनुमोदन. व्यवहाराच्या दोन गोष्टी. एकदम हक्कांच्या केसेसकडे जाऊ नये. आधी दिवाणी किंवा कौटुंबिक काम असलेल्या चांगल्या सीनियरकडे बसावं, मसुदे लिहायला आणि उलटतपासणी घ्यायला हात बसावा. आणि सीनियर निवडताना एवढंच पाहावं की ते त्याला बोलायला उभं करतात का. नुसतं संशोधनाला बसवून ठेवणारे बरेच भेटतील, 'कोर्टात तुला त्रास होईल' म्हणतील. दोन महिन्यांत एकदाही तारखेला उभं केलं नाही, तर सीनियर बदलावा.

मीनल_वाचते

भाचा धागा पहिल्यापासून ऐकतोय. त्याचा निरोप इथेच लिहिते : 'काळा_कोट काका, संगणक, एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, इंग्रजी निकाल यांची मला अडचण नाही. भीती आहे ती मराठी कागदांची. तालुका कोर्टातले दावे, कैफियती जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. फाइल मिळाली तरी स्क्रीन रीडर निरर्थक इंग्रजी अक्षरं वाचतो. त्याला काही उपाय आहे का?'

कोडकर

याला उपाय आहे! त्या जुन्या फॉन्टमध्ये आतून इंग्रजी अक्षरांचेच संकेत असतात, वरून फक्त मराठी आकार दिसतो. म्हणून रीडर इंग्रजी वाचतो. कुठला फॉन्ट आहे ते कळलं की तक्ता करून मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरांच्या सर्वमान्य संकेतांत, बदलता येतो. र्‍हस्व वेलांटी आणि रफार यांचा क्रम उलटतो, तिथे जास्त काम आहे. मला नमुन्याच्या फाइली मिळाल्या तर मी हे करून देतो, भाच्याला आणि ज्याला हवं त्याला.

काळा_कोट

नावं-पत्ते काढून आमच्या टायपिस्टकडच्या जुन्या दाव्यांच्या काही फाइली पाठवतो. तीन वेगवेगळे फॉन्ट आहेत. आणि कोडकर, अक्षरांआधी आकडे तपासा. गट नंबर ११३ चा ११८ झाला तर दावा भलत्याच्या जमिनीवर जाईल.

कोडकर

आकडे आधी. पाठवा, शनिवारी बसतो.